जिथं काजळी लागते

बंदुकीच्या नळीच्या खालच्या पैलूंवर तेलात कालवलेली काजळी बोटानं पुसट लावायची. नळी लाकडाच्या खोबणीत अलगद ठेवायची, वरून लाकडी हातोडीचे दोन हलके ठोके द्यायचे आणि ती सरळ वर उचलायची. खोबणीत जिथं काळा ठिपका उमटला असेल, तिथं लोखंड लाकडाला अडतंय. तेवढाच ठिपका पटाशीनं खरवडायचा. कांद्याच्या पापुद्र्याएवढं लाकूड निघालं की पुन्हा काजळी, पुन्हा ठोके, पुन्हा ठिपके. सुरुवातीला तीन-चारच दिसतात. मग दहा होतात, मग वीस. आणि एखाद्या संध्याकाळी खोबणीच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी राखाडी छटा येते, नळी आपल्याच वजनानं खाली उतरते आणि बसते. बसताना आतली हवा बाहेर पडल्याचा बारीकसा उसासा ऐकू येतो. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पटाशी बाजूला ठेवली आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

गेली काही वर्षं माझा मोकळा वेळ बहुतेक याच कामात जातो. ठासणीच्या बंदुका घडवायच्या, त्यांचं लाकूड कोरायचं, लोखंडाला रंग चढवायचा. तीन पुऱ्या झाल्या, चौथीची फळी कोपऱ्यात उभी आहे. मी शिकार करत नाही. आधुनिक बंदुकांचं मला कधी आकर्षण वाटलं नाही. ओढ आहे ती या एका जुन्या वस्तूची, जिच्यात सुतार, लोहार, ओतारी आणि नक्षीकार एकाच बाकावर येऊन बसतात.

ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वंगण लावलेल्या चिंधीच्या तुकड्यात शिशाची गोळी ठेवायची आणि गजानं ती तळापर्यंत ठासायची. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. ‘ठासून सांगितलं’, ‘सभागृह ठासून भरलं होतं’ असं आपण सहज बोलतो. गज हातात धरून गोळी टेकेपर्यंत दाबली की हे क्रियापद तळहाताला कळतं. या वस्तूसाठी लागणारे शब्दही आपल्या भाषेत आयतेच आहेत. नळी, दस्ता, चाप, घोडा, गज. जळत्या वातीनं डागायची ती तोड्याची, गारगोटीच्या ठिणगीनं डागायची ती चकमकीची. नळीच्या कुशीतल्या बारीक छिद्राशी बाहेरून जी चिमूटभर दारू ठेवतात, ती रंजक. काम करताना मी मनात हेच शब्द घोळवते. रंजक तर मला फारच आवडतो. तो उच्चारताना ठिणगी पडायच्या आधीचा क्षण डोळ्यांपुढे येतो.

ठिणगीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण माझं पहिलं कुतूहल तिथूनच सुरू झालं. मला वाटायचं, गारगोटीतून आग निघते. तसं नसतं. चाप दाबला की झेपावणाऱ्या घोड्याच्या जबड्यात कातड्याच्या पट्टीत आवळलेली गारगोटी समोरच्या कडक पोलादी पट्टीवर घासत खाली येते आणि धारेनं तिचे सूक्ष्म कण सोलून काढते. ते कण घर्षणानं इतके तापतात की हवेत पेट घेतात. म्हणजे जळतं ते पोलाद. दगड फक्त सोलतो. त्याच धक्क्यानं पट्टी पुढे उलटते, खालची रंजकेची वाटी उघडी पडते, ठिणग्या तिच्यात पडतात, आणि भडक्याची आच छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोचते. एवढं सगळं पापणी लवायच्या आत. ही रचना सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पक्की झाली आणि पुढची दोनशे वर्षं फारशी बदलली नाही. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मगुरूनं आघातानं पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट १८०७ साली घेतलं, त्यातून पुढे तसं रसायन भरलेल्या तांब्याच्या टोप्या आल्या, आणि गारगोटीचं राज्य संपलं. टोपीच्या बंदुकाही ठासणीच्याच, काहींना त्याच आवडतात. माझं मन चकमकीपुढे गेलं नाही.

गाण्यात जशी घराणी, तशी यातही आहेत. मी शिकते आहे ते घराणं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं. अठराव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशातून तिथं आलेल्या कारागिरांनी आपल्याबरोबर आखूड, जाड नळीची शिकारी रायफल आणली होती. नव्या मुलखात आल्यावर ती हळूहळू लांब आणि सडपातळ होत गेली. नळी साडेतीन फुटांच्या आसपास किंवा त्याहून लांब झाली, गोळी लहान झाली, म्हणजे तेवढ्याच शिशात जास्त गोळ्या आणि तेवढ्याच दारूत जास्त बार. अक्रोडाच्या जागी तिथलं मेपलचं लाकूड आलं. दस्त्याच्या बाजूला चिंध्या आणि वंगण ठेवायची छोटी पेटी असे, तिचं लाकडी झाकण जाऊन पितळी आलं आणि त्यावर नक्षी फुलली. लँकेस्टरला जेकब डिकर्टसारखे कारागीर होऊन गेले. लँकेस्टरचा दस्ता सरळ रेषेत खाली उतरतो. लीहाय खोऱ्यातला किंचित वाकत, मान झुकवल्यासारखा येतो. सराव झाला की नाव न वाचता नुसत्या वळणावरून गाव ओळखता येतं. जगात हिचं नाव झालं ते मात्र ‘केंटकी रायफल’ म्हणून, बहुतेक घडल्या पेनसिल्व्हेनियात असूनही.

पुढे कारखाने आले आणि हे हात रिकामे झाले. विद्या पार बुडाली नाही याचं श्रेय हौशी माणसांना आहे. १९३३ साली अमेरिकेत ठासणीच्या रायफली चालवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिची स्पर्धा आजही इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या लहानशा गावी भरते. १९६० च्या दशकात व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक वसाहतीत वॉलेस गसलर यांनी अठराव्या शतकातल्या अवजारांनी आणि पद्धतींनी अख्खी रायफल घडवून दाखवली. भट्टीपासून नक्षीपर्यंत सगळं हातानं. त्यांच्या कामाचे फोटो मी भिंग लावून पाहिले आहेत.

मी स्वतः नळी घडवत नाही. जुने लोहार लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून भट्टीत थोडी थोडी जोडत न्यायचे, मग आतून भोक सरळ करून त्यात पिळाच्या खाचा कापायचे. ते मी करायला जाणं हा उद्धटपणा ठरेल, आणि धोकाही. ज्या नळीमागे आपला गाल टेकणार आहे ती जाणत्या कारागिराकडूनच घ्यावी. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली सनद मिळाली आणि नळ्या तपासून शिक्का मारण्याचं काम ते मंडळ करत आलं, ते उगीच नाही. चकमकीची कळ, म्हणजे घोडा, पोलादी पट्टी आणि रंजकेची वाटी असलेली यंत्रणा, हीही मी विकतच घेते. त्याबद्दल आधी मनात खंत होती. पण अमेरिकेतले जुने कारागीरसुद्धा कळा पुष्कळदा इंग्लंड-जर्मनीहून आलेल्या वापरत, हे कळल्यावर ती गेली.

कायद्याचंही इथंच सांगून टाकते. ठासणीची असली तरी बंदूक ती बंदूकच, आणि प्रत्येक देशाचे नियम निराळे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात जुन्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुकांना सूट आहे, तरी तिथल्या राज्याराज्यांत फरक आहेच. मी जिथं राहते तिथं मुभा आहे, म्हणून मी हे करू शकते. कुणाला इच्छा झाली तर लाकडाला हात लावायच्या आधी आपल्याकडचा कायदा वाचावा.

आता लाकूड. सुमारे पाच फूट लांबीची, अडीच इंच जाडीची, वर्षानुवर्षं सावलीत वाळलेली मेपलची फळी. तिच्यावर आडव्या लाटा असतात, पाण्यावर वाऱ्यानं उठाव्या तशा. झाडाचे तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढले की हा पोत येतो. नवखा माणूस लाटा बघून भुलतो. मीही भुलले होते. खरं बघायचं ते मनगटाकडे. नळी संपून दस्ता सुरू होतो तिथला बारीक भाग, जिथं मूठ येते, त्याला मनगट म्हणायचं. तिथले तंतू बंदुकीच्या लांबीला धरून जायला हवेत. ते तिरपे निघून गेले तर कितीही सुंदर लाटा असल्या तरी ती बंदूक एक दिवस तिथंच मोडणार. जुन्या बंदुकांमध्ये मनगटाला पितळी पत्रा ठोकून किंवा ओल्या कातड्यानं आवळून दुरुस्त केलेल्या पुष्कळ सापडतात.

क्रम ठरलेला आहे. आधी नळी बसवायची, कारण बाकी सगळं तिच्यावरून ठरतं. मग कळ, कारण रंजकेची वाटी नळीच्या छिद्राशी नेमकी यायला हवी. मग चाप, कारण तो कळीच्या आतल्या टोकाला टेकतो. एक वस्तू केसभर चुकली की ती चूक पुढच्या प्रत्येकीत जाते. नळीही सरसकट एका जाडीची नसते. मागे जाड, मध्ये बारीक होत गेलेली, आणि तोंडाशी पुन्हा किंचित उमलणारी. नुसत्या डोळ्यांना हे पटकन दिसत नाही, पण बंदूक हातात उचलली की वजन कुठं आहे ते कळतं. अशी नळी लाकडात बसवणं सरळ नळीपेक्षा कितीतरी अवघड, आणि काजळीशिवाय तर अशक्यच.

हे मला शिकवणारे गृहस्थ तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच कापू दिलं नाही, तीन तास पटाश्यांना धार लावायला बसवलं. दुसऱ्या दिवशी काजळीची वाटी पुढे केली आणि म्हणाले, “थोडीच लाव. दिसेल न दिसेल इतकी.”

नळीच्या वेळी मी ऐकलं. कळीच्या वेळी घाई झाली. कळीचं पान म्हणजे मुठीएवढी पोलादी पट्टी, मागच्या बाजूला शेपटीसारखी निमुळती. आत घोड्याची मुख्य कमान, चापाशी बोलणारी खिट्टी, फिरणारी चकती, स्क्रूंची डोकी. या प्रत्येकासाठी लाकडात वेगवेगळ्या खोलीचा खड्डा लागतो, आणि जास्त कोरलं तर मनगट अशक्त होतं. त्या दिवशी उजेड जात आला होता आणि मला ते काम त्याच दिवशी संपवायचं होतं. ठिपके नीट दिसावेत म्हणून मी काजळी जाड लावली. जाड काजळी टेकत नाही तिथंही फासली जाते. मी जिथं काळं दिसलं तिथं कोरत गेले. पान आत बसलं आणि शेपटीच्या मागे नखाच्या जाडीएवढी फट राहिली. त्या फटीकडे पाहून पोटात खड्डा पडला. तीन महिन्यांचं काम, आणि नजर पहिली तिथंच जाणार.

दुसऱ्या दिवशी ते आले, फट पाहिली, पान बाहेर काढून आतला काळाकुट्ट खड्डा पाहिला. रागावले नाहीत. म्हणाले, “तू लाकडाला विचारलंस आणि उत्तर स्वतःच लिहिलंस.” मग त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून, तंतूंची दिशा जुळवून, एक कीस कापायला लावला. सरसानं तो चिकटवला, रात्रभर आवळून ठेवला, सकाळी पुन्हा कोरलं. फट गेली. पण पुढे रंग चढवल्यावर सरसाच्या रेषेनं रंग धरला नाही. कळीच्या मागे आजही केसाएवढी फिकट रेघ आहे. मला ती अंधारातही सापडते.

लाकूड काढता येतं, घालता येत नाही. या भीतीनं नवखा माणूस सगळीकडेच जास्त लाकूड ठेवतो. माझी पहिली बंदूक शेजारी उभी केली तर हे लगेच दिसतं. पुढचा भाग मुसळासारखा, मनगट जाड, कळीभोवतीची सपाटी तळहाताएवढी. जुन्या बंदुका हातात घेतल्यावर धक्का बसतो तो त्यांच्या सडपातळपणाचा. नळीच्या तोंडाशी लाकडाची भिंत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसते. त्या लाकडाच्या पोटातून गजाचं लांब भोकही गेलेलं असतं, आणि नळी नि गज यांच्यामध्ये जेमतेम पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचं लाकूड उरतं. एवढं कोरत न्यायला हाताला धाडस लागतं, आणि ते कुणाच्या सांगण्यानं येत नाही. दुसऱ्या बंदुकीच्या वेळी मी एक युक्ती केली. आज पुरे झालं असं वाटलं की अवजारं ठेवायची, आठ दिवस तिच्याकडे बघायचं नाही, आणि मग डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवायचा. डोळ्यांना सवय होते. हात जाडेपणा लगेच पकडतो. दर वेळी आणखी कोरावं लागलं.

मग शेवटचा हात. पुष्कळ जण याला कंटाळतात, एका रविवारी उरकून टाकतात. माझा जीव सगळ्यात जास्त इथं रमतो.

लाटांचं मेपल रंध्याला दाद देत नाही. तंतू दर बोटभर अंतरावर दिशा बदलतात, त्यामुळे रंधा एका लाटेवरून गुळगुळीत जातो आणि पुढचीवर सालपटं उपटतो. म्हणून पातळ पोलादी पट्टी घ्यायची, तिची कड किंचित वळवायची आणि लाकूड खरवडायचं. निघतो तो भुसा नसतो, रेशमासारखे भुरभुरीत कीस निघतात. पॉलिशपेपरनंही काम होतं. पण तो कडा बोथट करतो, आणि कोरीव कामाच्या वेलबुट्टीची धार विरघळवून टाकतो. मी शक्यतो तो वापरत नाही. खरवडून झालं की अख्ख्या लाकडाला ओलं फडकं फिरवायचं. वाळल्यावर हात लावला तर दाढीच्या खुंटांसारखं बोचतं, कारण दबलेले तंतू उभे राहतात. ते पुन्हा खरवडायचे, पुन्हा ओलं करायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तंतू उठायचे थांबतात. हे टाळलं तर पहिल्या पावसाळी दिवशी सगळी मेहनत खडबडीत होते.

रंग चढवायचा तो दिवस मी मोकळा ठेवते. विरल नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं द्रावण जुने कारागीर वापरत. त्याचे धूर घातक असतात, म्हणून उघड्यावर, हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून काम करायचं. द्रावण मीही तयार आणते. कुंचल्यानं ते लावलं की पांढुरकं मेपल हिरवट, मळकट दिसायला लागतं. पहिल्या वेळी मला वाटलं, लाकूड वाया गेलं. मग तापलेली हवा सोडणारं यंत्र जवळ न्यायचं. सेकंद-दोन सेकंद काहीच होत नाही. आणि एकदम, तव्यावर भाकरीला डाग पडावेत तसा, एका टोकाला तांबूस-तपकिरी रंग उमलतो आणि यंत्र पुढे सरकेल तसा लाकडावर धावत जातो. जिथं तंतूंची टोकं वर आली आहेत तिथं द्रावण खोल मुरलेलं असतं, तिथं रंग गडद. मधली पट्टी फिकट. इतके दिवस जेमतेम दिसणाऱ्या लाटा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. एकदा बघितलेलं पुरत नाही. मी तीन वेळा बघितलंय आणि चौथ्यासाठी आतुर आहे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारायचं. ते राहिलं तर लाकूड पुढे काळवंडत जातं, नळीलाही गंज धरतो.

रंगावर जवसाचं तेल. थेंबभर घेऊन तळहातानं चोळायचं, ऊब येईपर्यंत. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून एका पातळ थराला दिवस-दोन दिवस द्यावे लागतात, आणि घाईनं जाड थर दिला तर वर चिकट साय धरते. याच गुणापायी एक धोका आहे, तो प्रत्येक नवख्याला सांगायला हवा. तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकली तर वाळताना ती आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटतात. मी ती पाण्यात बुडवून ठेवते किंवा बाहेर एकेक पसरून वाळवते. एकदाही चुकवलेलं नाही.

नळीचं काम लाकडाच्या उलट. लाकडाला ओलाव्यापासून जपायचं आणि नळीवर मुद्दाम गंज चढवायचा. पैलू कानशीनं साफ करायचे, तेलाचा अंशही ठेवायचा नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही. मग गंज आणणारं द्रावण एका हातात, एकदाच फिरवून लावायचं आणि नळी दमट पेटीत टांगायची. दहा-बारा तासांनी तिच्यावर मखमलीसारखी लालसर लव येते. ती जाड कापडानं घासून काढायची, पुन्हा द्रावण, पुन्हा पेटी. पहिले दोन दिवस नळी ठिपकेदार, रोग झाल्यासारखी दिसते. सहाव्या-सातव्या फेरीला तो गंज एकजीव होतो, चिंचेच्या गरासारखा तपकिरी. घासण्याआधी प्रत्येक फेरीत नळी उकळत्या पाण्यात बुडवली तर तोच लाल गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि नळी निळसर काळी होते. मी तपकिरीच ठेवते. शेवटी सोड्याच्या पाण्यानं गंज थांबवायचा, नळी गरम करायची आणि मेण लावायचं. गंजानं गंजाला अडवायचं, ही कल्पना मला अजूनही थक्क करते.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. हल्ली नवी बंदूक मुद्दाम जुनी दिसेल अशी करायची पद्धत आहे. साखळीनं मारून खड्डे पाडायचे, पितळावर काळसर डाग आणायचे, दस्त्याच्या कडा घासून झिजवायच्या. काहींचं कसब असं की जाणकारही फसतात. त्या कसबाला मी मानते, पण माझ्या बंदुकीवर तसं करणार नाही. जुन्या बंदुकीवरची झीज कुणाच्या तरी गालाची, खांद्याची, खोगिराची असते. लँकेस्टरच्या दुकानातून बाहेर पडली त्या दिवशी ती बंदूकही नवीच होती, पितळ झगझगीत, कडा धारदार. मला ती त्या दिवसासारखी हवी. पुढचं तिचं तिला मिळेल.

पहिला बार तिला एकटीनं घेऊ द्यायचा असतो. बंदूक जाड लाकडांमध्ये घट्ट बांधायची, चापाला लांब दोरी, आपण आडोशाला. तसे बार झाले, नळी बारकाईनं तपासली, कुठंही फुगवटा नाही, मग ती खांद्याला लावली. रंजक वाटीत घातली, घोडा पूर्ण ओढला. चाप दाबला तेव्हा डोळ्यासमोर भडका झाला आणि बार झालाच नाही; रंजक नुसती जळून गेली. भरलेली नळी समोर रोखून मी मनात साठ मोजले, मग छिद्र तारेनं साफ केलं. दुसऱ्या वेळी भडका आणि बार यांत फरकच कळला नाही. पांढऱ्या धुराचा ढग समोर उभा राहिला, गंधकाचा वास आला, आणि गोळी कुठं गेली हे बघायला मला धूर विरायची वाट पाहावी लागली. खांद्याला धक्का नव्हता, हलका ढकलल्यासारखा दाब होता. ते आजोबा बाजूला उभे होते. त्यांनी बंदूक हातातून घेतली, कळीच्या मागच्या फिकट रेघेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत दिली.

काळी दारू मागे राख ठेवून जाते, ती हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत पोलाद खाते. त्यामुळे कितीही दमायला झालं असलं तरी त्याच दिवशी नळी धुवायची. कडकडीत पाणी, गजाला गुंडाळलेली चिंधी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नंतर तेल. वर्षातून एकदा मी खिळे काढून नळी लाकडातून सोडवते आणि खालच्या अंगाला मेण लावते. परवा पहिल्या बंदुकीची सोडवली. बाहेरचं लाकूड तेलानं आणि हातानं आता मधासारखं झालंय. आतली खोबणी जशीच्या तशी. पटाशीचे बारीक घाव अजून मोजता येतात, आणि तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत ती राखाडी छटा आहे. बोटानं हलकेच पुसून पाहिली. काजळी बोटाला आली.